वारसा शिकवायचा तर मुलांच्या हाती मोजपट्टी द्या, थर्माकोल नको

गोदाकाठची शिक्षिका (धागा सुरू)

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन ऐन वार्षिक परीक्षांच्या धामधुमीत येतो. त्यामुळे आमच्याकडे ‘वारसा उपक्रम’ म्हणजे बहुधा थर्माकोलचे पत्रे, तपकिरी रंग, पालकांनी रात्री जागून कापलेले बुरूज आणि दुसऱ्या दिवशीचे प्रदर्शन एवढेच उरते. त्यातून मुलाला वास्तूविषयी काय कळते, असा मला प्रश्न पडतो. त्रिरश्मी डोंगरातील २४ लेणी (पांडवलेणी), सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर, पेशवेकालीन सरकारवाडा आणि जुन्या नाशकातील सागवानी वाडे हे सारे जिथे एसटीच्या टप्प्यात आहे, तिथे सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रतिकृती करण्याऐवजी प्रत्यक्ष वास्तू मोजावी, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याच इयत्तांसाठी १० दप्तरविरहित दिवस सुचवलेले आहेत. ते याच कामी यावेत.

मागच्या वर्षी मी सातवीकडून फक्त एक कमान रचून घेतली. सुताराकडून पाचरीच्या आकाराचे ठोकळे कापून आणले आणि खाली पुठ्ठ्याचा अर्धगोल आधार दिला. आधार काढताच कमान कोसळली, आणि असे तीन वेळा झाले. माथ्यावरचा ठोकळा निसटतो आहे असे सगळ्यांना वाटत होते. पण खाली वाकून पाहणाऱ्या एका मुलीच्या लक्षात आले की कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकत आहेत. तिने दोन्हीकडून दप्तरे रेटून ठेवली आणि कमान उभी राहिली. (दप्तरविरहित दिवशी हा प्रयोग फसला असता, हे मान्य.) पुढच्या आठवड्यात घाटावरच्या एका ओवरीसमोर उभी राहिलेली हीच मुले कमानीच्या बाजूची भिंत किती जाड आहे, हे वितीने मोजत होती.

पुढे आणखी तीन गोष्टी कराव्यात असा विचार आहे. वाड्याचे खण मोजावेत, कारण जुनी मंडळी घराचे माप फुटांत न सांगता खणांत सांगत, आणि दोन खांबांमधले ते अंतर हाती असलेल्या लाकडाच्या लांबीवर ठरे. चुना विरवून त्याचा गिलावा करून पाहावा. आणि लेण्यांतील ब्राह्मी अक्षरांचे कागदावर ठसे घ्यावेत.

बांधकामातला जुना माणूस

बाई, कमानीचा प्रयोग उत्तम आहे. पण शेवटच्या दोन सूचनांना माझा स्पष्ट विरोध आहे. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना पाण्यात पडला की खदखदतो, भांडे हाताला धरवत नाही, आणि त्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. साइटवर आम्ही हे काम अनुभवी माणसालाच देतो. वर्गातील पन्नास मुलांपुढे ते करणे धाडसाचे ठरेल. फारतर आधीच विरवून मुरवलेला चुना आणावा, हातमोजे द्यावेत, आणि एका विटेवर चुन्याचा व दुसऱ्या विटेवर सिमेंटचा लेप देऊन दोन्ही ओल्या वाळूत उभ्या कराव्यात. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि सिमेंटखाली ती कोंडून राहते, हे मुलांना काही दिवसांत दिसेल. जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा का मानवत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

ठशांचे तर नावच काढू नये. पांडवलेणी केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, आणि संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणे हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आधीच झिजलेल्या दगडावर वर्षाला दहा शाळांनी कागद घासला, तर तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आपल्या नातवंडांना वाचायला मिळणार नाही.

आणि थर्माकोलवर एवढा राग कशाला? मुलाने स्वतः घेतलेल्या मापांवरून, एकास पन्नास प्रमाणात, पुठ्ठ्याचा वाडा केला, तर त्याला पायरी आणि माणूस यांचे नाते कळते. पालकांनी कापलेल्या बुरुजांचा दोष सगळ्या प्रतिकृतींच्या माथी मारू नये.

जुन्या आळीतला वाडेकरी

ज्या वाड्याचे खण आपण मोजणार आहात, तशाच एका वाड्यात मी राहतो. दोन वर्षांपूर्वी एका शाळेची मुले आमच्या चौकात बसून चित्रे काढून गेली. शिक्षकांनी ‘हा ठेवा जपला पाहिजे’ असे सांगितले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाताना एकाने मला विचारले, ‘काका, वर का जाऊ देत नाही?’ वरच्या कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, वाळवी लागली आहे, मधल्या तुळईखाली लोखंडी टेकू आहेत, आणि सातबाऱ्यासारखी लांबलचक हिस्सेदारांची यादी असल्याने दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे तीन पिढ्यांत ठरलेले नाही, एवढे सगळे त्या मुलाला सांगायला शिक्षकांना वेळ नव्हता. भाडेकरूंचे महिन्याचे भाडे एका सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीइतकेही नाही. दर पावसाळ्यात आजूबाजूचा एखादा वाडा बसतो, आणि त्याचे खांब मोडीत जातात. मुलांना कोरीव खांब दाखवून घरी पाठवणे हे मला अर्धवट शिक्षण वाटते. असल्या सहली नसलेल्या बऱ्या.

पंचवटीतला वाचक

मला वेगळी शंका आहे. काळाराम मंदिराच्या महाद्वाराची रुंदी मोजणारी मुले, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच मंदिरापाशी सत्याग्रह का सुरू झाला आणि तो पुढे सुमारे पाच वर्षे का चालवावा लागला, हे कुठे शिकणार आहेत? ते दार कोणासाठी बंद होते, हे मोजपट्टीवर दिसत नाही. वास्तू म्हणजे केवळ घडीव दगड असे मुलांच्या मनात बसले, तर त्यापेक्षा इतिहासाचे जुने पुस्तकच बरे.

गोदाकाठची शिक्षिका

चुन्याची आणि ठशांची सूचना मी मागे घेते. दोन्ही बाबतींत माझी चूक होती. ब्राह्मी अक्षरे मुले समोर उभी राहून वहीत काढतील.

काळारामाविषयीची शंका मात्र मला माझ्या विरोधात वाटत नाही. महाद्वारापाशी उभे राहून त्याची रुंदी वहीत लिहिल्यानंतर, ‘एवढे मोठे दार असून माणसे बाहेर का उभी राहिली?’ हा प्रश्न मुलाला जसा बोचेल, तसा वर्गातील बाकावर बसून बोचणार नाही, असा माझा अनुभव आहे. मोजण्याचे काम दगडापाशी थांबतच नाही. गोदेच्या पुराचा अंदाज नाशिककर आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आले यावरून घेतात; पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले म्हणजे घाटाची कोणती पायरी बुडाली, हे मुलांनी उन्हाळ्यात मोजून ठेवले, तर श्रावणात त्यांना तो पूर वाचता येईल.

वाडेकरी काका, आपल्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मुलांच्या नकाशात खांबांबरोबर टेकूही दाखवले, आणि एक तुळई बदलायला किती खर्च येतो हे त्यांनी आपल्यालाच विचारून लिहून घेतले, तर आपण येऊ द्याल का?

जुन्या आळीतला वाडेकरी

शनिवारी सकाळी, वीसपेक्षा जास्त मुले नकोत. देवडी, चौक आणि ओसरी मोजता येईल. जिन्याला कुलूप राहील. पूर्वेकडचे दोन खण मागच्या पावसाळ्यात उतरवले आहेत, त्यांचे जोते अजून शिल्लक आहे. नकाशात ते तुटक रेषेने दाखवावेत.