मदत हवी आहे: फक्त केबिन बॅग, मग सनस्क्रीनचं काय?

आठवडाभर समुद्रकिनारी राहायचं आहे आणि चेक-इन बॅग न्यायची नाही. द्रव पदार्थांची प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंत आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा नियम माहीत आहे. शाम्पूची वडी आणि पावडर फेसवॉश घेऊन बरीच जागा वाचवली (शाम्पूची वडी तर आता घरीही सोडवत नाही).

अडलंय ते सनस्क्रीनवर. अंगभर नीट लावायला एका वेळी साधारण 30 मिली लागतं, वर दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं. म्हणजे 100 मिलीची ट्यूब तीनदा लावली की संपली! स्टिक वापरून पाहिली. चेहऱ्याला छान, पण हातापायांवर थर सारखा बसत नाही. तिथे पोहोचून घेता येईल, पण सुगंधी क्रीमने मला पुरळ येतं, त्यामुळे अनोळखी ब्रँड नको. माझी त्वचा सावळी आहे, झिंक ऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनचा पांढरटपणा लगेच दिसतो.

आता यूपीएफ 50 (कापड ऊन किती अडवतं त्याचं माप) असलेला पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहताना घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, आणि लेगिंग घ्यायचा विचार आहे, म्हणजे क्रीम फक्त चेहरा, मान, हातांचे पंजे आणि पावलांपुरतं लागेल. असं कुणी केलंय का? 100 मिलीच्या दोन ट्यूब आठवडाभर पुरल्या का, आणि ते कपडे रात्रीत वाळतात का?