थर्मल कॅमेऱ्यानं घरात उष्णता कुठून शिरते ते कसं शोधायचं? परभणी, स्लॅबचं घर

वसमतरोड_परभणी:

नमस्कार मंडळी. घर एकमजली आहे. स्लॅब ५ इंची, वर कोबा नाही. भिंती ९ इंची विटेच्या. पश्चिमेची बेडरूम १० बाय १२, त्यात दीड टनाचा स्प्लिट एसी. मे महिन्यात रात्री नऊला एसी लावला तर अकरापर्यंतही खोली २८ च्या खाली येत नाही. स्वयंपाकघरावर स्लॅब नाही, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पत्रे आहेत.

ओळखीच्या ठेकेदाराकडून काही दिवसांसाठी १६० बाय १२० पिक्सेलचा थर्मल कॅमेरा मिळालाय. पण नेटवर सगळी माहिती थंड देशांची: घरात हीटर, बाहेर बर्फ, ऊब कुठून निसटते ते बघा. आपल्याकडं मामला उलटा. कॅमेरा कोणत्या वेळी फिरवायचा, सेटिंग काय ठेवायचं? आणि गच्चीवरून दुपारी दोनला पत्र्याकडं धरला तर ३४ अंश दाखवतो, हात लावला तर चटका बसतो. कॅमेरा बिघडलाय का?

थर्मोग्राफी_वाळूज:

आधी एक गोष्ट पक्की करा. कॅमेऱ्याला उष्णता वाहताना दिसत नाही, हवाही दिसत नाही. समोरच्या पृष्ठभागातून ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात जे किरण येतात त्यावरून तो तापमानाचा अंदाज बांधतो, बस. म्हणून नेमक्या वेळी फिरवला नाही तर चित्र रंगीत येतं आणि अर्थ काहीच लागत नाही.

तुमच्या घरात वेळ ठरवणारी गोष्ट म्हणजे स्लॅब आणि भिंतीचा उशीर. ५ इंची स्लॅबला ऊन खालपर्यंत पोचवायला साधारण तीन-चार तास लागतात, ९ इंची विटेला सहा-सात. दुपारी दोनला छताचा फोटो काढाल तर ते अजून पुरतं तापलेलं नसेल आणि तुम्ही म्हणाल स्लॅब ठीक आहे. छत बघायचं संध्याकाळी सहा ते नऊ, पश्चिमेची भिंत रात्री नऊ ते बारा. पहाटे साडेपाचला, ऊन पडायच्या आत, आणखी एक फेरी मारा. त्या वेळी बाहेरचं बरंच निवलेलं असतं, तरी जे अजून गरम दिसेल त्यात उष्णता साठून राहिलीय असं समजा.

सेटिंगचं सांगतो. कॅमेरा सुरू करून दहा मिनिटं तसाच ठेवा, थंड सेन्सरचे आकडे सरकतात. एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग स्वतःचे किरण किती सोडतो त्याचा ० ते १ मधला आकडा, ०.९५ ठेवा, रंगवलेला गिलावा, काँक्रीट, लाकूड, सगळ्याला चालतं. कोणत्या तापमानाला कोणता रंग ते ठरवणारं स्केल आपोआप बदलू देऊ नका. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा दोन अंशांच्या फरकालाही निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग देतो आणि माणूस उगाच घाबरतो. खालची मर्यादा २५ आणि वरची ४५ अशी अडकवून ठेवा आणि सगळे फोटो त्याच मर्यादेत काढा, तरच खोली खोलीशी आणि आजचा फोटो उद्याच्या फोटोशी ताडून बघता येतो. अशा कॅमेऱ्यांची अचूकता अधिक-उणे २ अंश असते, त्यामुळे एकट्या आकड्यावर भांडू नका. एकाच फोटोतल्या दोन जागांमधला फरक मात्र त्याहून कितीतरी भरवशाचा असतो.

अंतराचंही बघा. १६० पिक्सेल आणि ५० अंशांची लेन्स असेल तर ३ मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. तापमान भरवशानं वाचायला निदान तीन बाय तीन पिक्सेल लागतात, म्हणजे ५ सेंटिमीटरची जागा. खिडकीच्या चौकटीतली ४ मिलिमीटरची फट लांबून वाचता येणार नाही, पाव मीटरवर जावं लागेल.

कॅमेरा हाताशी आहेच तर एसी तासभर चालल्यावर त्याच्या १६ अँपिअरच्या प्लगचा आणि एमसीबीचा फोटो घ्या. शेजारच्या प्लग-एमसीबींपेक्षा १५-२० अंशांनी गरम असेल तर जोड सैल असू शकतो. बोर्ड स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा.

पत्रेवाला_जालना:

पत्र्याबद्दल. कॅमेरा चांगला आहे, पत्राच त्याला फसवतोय. नवा चकचकीत जीआय पत्रा स्वतःचे किरण फार कमी सोडतो, एमिसिव्हिटी ०.२ ते ०.३ च्या घरात. बाकीचं जे कॅमेऱ्याला दिसतं ते प्रतिबिंब. तुम्ही गच्चीवरून धरलात, म्हणजे पत्र्यात निरभ्र आकाश दिसलं, आणि निरभ्र आकाश कॅमेऱ्याला शून्याच्याही खाली वाटतं. ६० अंशांच्या पुढं तापलेला पत्रा त्यामुळं ३४ चा दिसतो. पुढंमागं सरकून बघा, आकडा बदलेल. खरा पृष्ठभाग जागा बदलल्यावर इतका आकडा बदलत नाही.

उपाय सोपा आहे. खालच्या बाजूनं पत्र्याला काळ्या इन्शुलेशन टेपचा ५ सेंटिमीटरचा चौकोन चिकटवा, आधी धूळ पुसा, टेपखाली हवा राहू देऊ नका. दोन-तीन मिनिटांनी टेपवर नेम धरून वाचा, एमिसिव्हिटी ०.९५. तो आकडा खरा. कॅमेरा सरळ समोरून धरू नका, जरा तिरपा धरा, नाहीतर टेपमध्ये तुमचंच अंग दिसेल. पत्र्यावर चढू नका, खालूनच करा.

ही टेप काढून टाकू नका. पुढं पत्रा पांढरा रंगवलात आणि आधी-नंतरचे फोटो लावून पाहिलेत, तर टेपशिवाय तुलना उलटी निघते. रंगवल्यावर एमिसिव्हिटी ०.९ च्या पुढं जाते, म्हणून पत्रा खरा थंड होऊनही कॅमेऱ्यात आकडा वाढलेला दिसू शकतो. लोक म्हणतात रंग फुकट गेला. खालच्या टेपवरचा आकडा दोन्ही वेळा खराच येतो.

काचेचंही तसंच. साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत. खिडकीतून बाहेरचं झाड दिसणार नाही, काचेचं तापमान आणि थोडंसं तुमचं प्रतिबिंब दिसेल. बंद काचेआडून बाहेरच्या भिंतीचा फोटो काढायचा प्रयत्न करू नका, खिडकी उघडा.

रचना_लातूर:

वरची उत्तरं बरोबर आहेत, पण फटींचा विषय राहिलाय. एसीच्या खोलीत फटी शोधायची वेळ वेगळी: दुपारी चार ते सहा, एसी आधी दोन तास चालवून. आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक हवा, त्याहून कमी असेल तर फट दिसत नाही.

आता हवा बाहेरून आत ओढायची. बेडरूमचं बाहेरच्या बाजूचं सगळं बंद करा, बेडरूम ते स्वयंपाकघर मधली दारं उघडी ठेवा, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू करा. दहा मिनिटांत घरातला दाब थोडा उतरतो आणि प्रत्येक फटीतून गरम हवा आत घुसते. फटीच्या कडेची भिंत तापून बोटांसारखे पट्टे उमटतात. भिंतीतून येणारी उष्णता पसरट डागासारखी दिसते, फटीची टोकदार. हा फरक एकदा डोळ्याला बसला की काम पटपट होतं. गॅस गिझर असेल तर तो आणि शेगडी या वेळात पूर्ण बंद ठेवा. उलट्या दाबानं धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात परत येऊ शकतो.

बघायच्या जागा: एसीच्या पाइपचं भिंतीतलं भोक, सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीची खालची पट्टी आणि दोन पल्ले जिथं एकमेकांवर येतात ती उभी कड, दाराचा तळ, न्हाणीघराची लूव्हरची खिडकी, बंद असलेल्या एक्झॉस्टची झडप. आपल्याकडं सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे एसीचं भोक. पाइप ३ इंची भोकातून जातो आणि मागं पुट्टी मारून सोडून देतात, ती दोन उन्हाळ्यांत निसटते. पीयू फोम भरा, वाळल्यावर ब्लेडनं छाटा, बाहेरच्या तोंडाला सिलिकॉन लावा, कारण फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो. खिडकीच्या पल्ल्यांतली केसाळ पट्टी झिजलेली असते. अॅल्युमिनियमच्या दुकानात ती मीटरवर मिळते, जुनी खाचेतून ओढून नवी सरकवायची.

थंडीत हाच कॅमेरा परत मिळाला तर सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकड्यावर येतो. तेव्हा पहाटे बाहेरून घराभोवती फेरी मारा, त्या दिवसांत थंड देशांची पुस्तकं आपल्यालाही लागू पडतात.

वसमतरोड_परभणी:

मनापासून आभार. काल फेरी मारली. रात्री नऊला छत ४०, पश्चिमेची भिंत ३६, पूर्वेची ३२, खोलीतली हवा २८. एसीच्या भोकाभोवती स्पष्ट पट्टे आले. दोन प्रश्न आहेत. छताच्या एका कोपऱ्यात कठड्याजवळ हातभर लांब थंड डाग आहे, ३५ चा. तिथं स्लॅब जाड आहे का? आणि आता आधी काय करू, छत की भिंत?

थर्मोग्राफी_वाळूज:

कोपऱ्यातला डाग ओल असण्याची शक्यता जास्त. पाणी उडून जाताना पृष्ठभाग गार होतो. पण बीम असला तरी थंड दिसू शकतो, कारण तो जाड असतो. आकार बघा: बीम असेल तर कडा सरळ असतील, ओल असेल तर डाग वेडावाकडा आणि मधून बाहेर विरत जाणारा असतो. खात्रीसाठी दोन सुया असलेलं मॉइश्चर मीटर तिथं आणि दोन फूट बाजूला टोचून बघा. ओल निघाली तर आधी कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातली चीर दुरुस्त करायची, उष्णतारोधक नंतर. ओल्या स्लॅबवर थर टाकला तर पाणी खाली अडकून सळई गंजते.

आता हिशेब. छत हवेपेक्षा १२ अंशांनी गरम. गरम छताकडून खोलीत दर चौरस मीटरला दर अंशामागं साधारण ६ वॉट येतात. तुमचं छत ११ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ८०० वॉट. पश्चिमेच्या भिंतीतून खिडकी सोडून ८ चौरस मीटर, ८ अंश, दर अंशाला पावणेआठ वॉट धरले तर ५०० वॉटच्या आसपास. म्हणून छत आधी. पण दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, बाहेर ४२ असताना त्याहून कमी. छत आणि भिंत मिळून तेराशे वॉट झाले. एवढ्यानं एसी दोन तासांत हरत नाही. तापलेल्या भिंती आणि फरशी पहिला तास खातात ते खरं, तरी एसीही तपासा.

कॅमेऱ्यात हवा दिसत नाही, म्हणून कागदाची पट्टी घ्या. एसीच्या तोंडापुढं दोन मिनिटं धरून ठेवा, तिचं तापमान वाचा. दुसरी पट्टी वर जिथं हवा आत ओढली जाते तिथं. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक यायला हवा. ८ पेक्षा कमी असेल तर जाळी, कॉइल किंवा गॅस बघायला मेकॅनिक आणा, घरावर खर्च करण्याआधी.

रचना_लातूर:

छताच्या कामाबद्दल थोडं. उघड्या ५ इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा, कमी तेवढा चांगला) सव्वातीनच्या आसपास येतो. इको-निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीत, छतासाठी मर्यादा १.२ आहे. वरून २५ मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (थर्मोकोलसारखा पण घट्ट उष्णतारोधक) टाकला की ०.९, ५० मिलिमीटर टाकला की ०.५. बोर्डाच्या जाडीत हात आखडू नका, मजुरी दोन्हीला तेवढीच लागते.

क्रम असा: स्लॅब साफ, चिरा भरणं, वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, सांधे विटांच्या थरांसारखे एका रेषेत न येऊ देता. वर जिओटेक्सटाइलचं कापड, मग जाळीसह ४०-५० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर, १०० ला १ उतार पाण्याच्या पाइपकडं, शेवटी पांढरी चायना मोझॅक. बोर्ड उघडा ठेवायचा नाही, ऊन त्याला खातं. ५० मिलिमीटर थराचं वजन चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास होतं, म्हणून स्लॅब जुना असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी दाखवा. आमच्या लातूर-धाराशिव भागात छतावर वजन वाढवताना मी नेहमी अडवते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड माळवदं आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंतींनीच माणसं दाबली गेली.

एवढा खर्च यंदा नको असेल तर चुना. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी, २४ तास मुरू द्या, कापडातून गाळा, त्यात २० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून टाका. दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. डोळ्याला चष्मा, हातात मोजे. ताजा पांढरा थर उन्हाचा मोठा भाग परतवून लावतो, मळकं काँक्रीट बहुतेक ऊन पिऊन घेतं. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी संपता संपता मारायचा. आपल्याकडच्या मातीच्या धुळीनं तो महिन्याभरात मातकट होतो, तेव्हा सकाळी एकदा झाडून घ्या.

खोलीच्या निम्म्या छतावर आधी मारून बघा, निम्मं तसंच ठेवा. तिसऱ्या दिवशी रात्री आठला खालून दोन्ही भागांचा एकाच फोटोत फरक दिसेल, मधल्या रेषेपासून दोन फूट सोडून वाचा.

वसमतरोड_परभणी:

कागदाची पट्टी धरून पाहिली: तोंडाशी १९, वर २८. म्हणजे एसी जागेवर आहे. उद्या भोक फोमनं बंद करतो आणि निम्म्या छताला चुना. कॅमेरा परवा परत द्यायचाय, मग तिसऱ्या रात्रीचं माप कशानं घेऊ?

पत्रेवाला_जालना:

साधी इन्फ्रारेड गन घ्या, १२ ला १ ची, म्हणजे अंतराच्या बाराव्या भागाएवढा गोल वाचणारी. १.२ मीटरवरून ती १० सेंटिमीटरचा गोल वाचते, म्हणून स्टुलावर चढून छताजवळ धरा आणि दोन्ही भागांत पाच-पाच जागी वाचून सरासरी काढा. मापं घ्यायच्या आधी गन अर्धा तास त्याच खोलीत ठेवा.