सह्याद्रीतील भटकंती आणि जिओकॅशिंग यांसाठी हातात धरायचे जीपीएस यंत्र कोणते घ्यावे?

प्रश्न : राजारामपुरी

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आम्ही काही सहकारी मिळून पन्हाळा ते पावनखिंड, रांगणा, भुदरगड, गगनबावडा अशा भागांत भटकंती करतो आणि अलीकडे जिओकॅशिंगचीही गोडी लागली आहे. अक्षांश-रेखांश घेऊन लपवलेली डबी शोधण्याच्या या खेळातून मुलांना नकाशावाचन जितके चांगले शिकवता येते तितके फळ्यावर शिकवता येत नाही, असे माझे मत आहे. आजवर मोबाइलवर काम भागले. परंतु जुलैच्या पावसात ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही, आणि मसाई पठारावर धुके उतरले की समोरची पायवाटही दिसेनाशी होते. म्हणून स्वतंत्र यंत्र घेण्याचा विचार आहे. गार्मिनचे ईट्रेक्स २२एक्स, ईट्रेक्स ३२एक्स, ईट्रेक्स एसई आणि जीपीएसमॅप ६५एस ही चार नावे डोळ्यांसमोर आहेत. यांतील कोणते आपल्या डोंगरांना साजेसे ठरेल आणि जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : सादळेमादळे

ताई, आपण पावसाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण आपल्याकडे यंत्राची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. मोबाइलमधील जीपीएस कमी प्रतीचे असते असा समज आहे, तो बरोबर नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही; नेटवर्क असले तर उपग्रहांची माहिती लवकर मिळून पहिले स्थान झटपट सापडते, एवढाच फरक. नकाशा आधी उतरवून घेतला तर दाजीपूरच्या जंगलातही चांगला मोबाइल स्थान नीट दाखवतो. खरा फरक यंत्र हाताळण्यात आहे. स्पर्शाच्या पडद्याला पावसाचा थेंब आणि बोट यांतला भेद कळत नाही, तर बटणांचे यंत्र भिजलेल्या हातांनी, रेनकोटच्या बाहीतून हात न काढताही चालवता येते. ही यंत्रे आयपीएक्स७ दर्जाची असतात, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत टिकतील अशी घडवलेली असतात. त्यांचा पडदा कडक उन्हात उलट अधिक स्पष्ट दिसतो, हेही एप्रिलमध्ये उघड्या पठारावरून चालताना पटते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. आपण सांगितलेली चारही यंत्रे दोन एए पेन्सिल सेलवर चालतात आणि माझ्या दृष्टीने हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण असे सेल पन्हाळ्याच्या किंवा मलकापूरच्या साध्या दुकानातही मिळतात. कंपनीच्या सांगण्यानुसार २२एक्स आणि ३२एक्स सुमारे २५ तास, ६५एस सुमारे १६ तास आणि ईट्रेक्स एसई तब्बल १६८ तास चालते. पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल वापरणार असाल, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा तो प्रकार अवश्य निवडावा. अन्यथा उरलेल्या चार्जचा आकडा चुकीचा दिसतो.

आता जास्तीच्या पैशांविषयी. २२एक्स आणि ३२एक्स यांचा पडदा, नकाशे आणि अंतर्गत मेमरी सारखीच आहे. ३२एक्समध्ये तीन अक्षांचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक हे दोन भाग अधिक आहेत. यांपैकी होकायंत्रासाठी पैसे जरूर मोजावेत. होकायंत्र नसलेल्या यंत्राला आपली दिशा फक्त चालताना कळते, कारण ते दोन स्थानांमधील फरकावरून ती काढते. आपण थांबलात की बाण भरकटतो. डबीजवळ पोहोचल्यावर माणूस थांबतो, वळतो, वाकतो, आणि नेमका तेव्हाच बाण निरुपयोगी होतो. तीन अक्षांचे होकायंत्र यंत्र तिरपे धरले तरी दिशा बरोबर दाखवते. मात्र सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे.

उंचीमापकाची गोष्ट आपल्याला वर्गातही उपयोगी पडेल. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की यंत्राला आपण साधारण ८ ते ९ मीटर वर चढल्यासारखे वाटते. आपल्या अक्षांशावर सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तो २ ते ३ हेक्टोपास्कलने खाली येतो. त्यामुळे एका जागी बसून राहिले तरी यंत्रातली उंची दुपारपर्यंत वीसेक मीटरने वाढलेली दिसू शकते. म्हणून ज्ञात उंचीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ नकाशावर उंची दिलेल्या माथ्यावर, ते जुळवून घेणे हाच उपाय. असे केल्यास चढ-उताराचा आलेख जीपीएसच्या नुसत्या उंचीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह मिळतो.

ईट्रेक्स एसईमध्ये तपशीलवार नकाशा नाही आणि पडदा कृष्णधवल आहे. केवळ ठरलेल्या बिंदूपर्यंत जायचे असेल तर ते पुरते, पण मुलांना समोच्चरेषा दाखवायच्या असतील तर नाही. ६५एस दोन वारंवारतांवरचे संकेत घेते. कड्याला आपटून येणारे परावर्तित संकेत स्थान चुकवतात, तिथे याचा लाभ होतो. त्यामुळे गगनबावड्याखालच्या घळी किंवा आंबा घाटातले सदाहरित जंगल हा आपला नेहमीचा प्रदेश असेल तर त्याचा विचार करावा. एरवी आपल्या कामासाठी मी निःशंकपणे ३२एक्स सुचवेन. पावनखिंडीच्या वाटेवर मला कोणी विचारले तर नकाशाच्या सौंदर्यापेक्षा बटणे, सेल आणि आल्या वाटेने परत नेणारा ट्रॅक यांनाच मी अधिक महत्त्व देईन. निघताना ट्रॅकची नोंद सुरू आहे ना, हे पाहण्याची सवय मात्र सर्वांनी लावून घ्यावी.

उत्तर : गडवाट

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. जिओकॅशिंगपुरती थोडी भर घालतो. हा खेळ जीपीएसच्या अचूकतेतूनच जन्मला. अमेरिकेने नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २०००च्या आरंभी काढून टाकली आणि ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात पहिली डबी ठेवली गेली. आज मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटरांची चूक साधारण मानली जाते. पण ज्याने डबी ठेवली त्याच्या यंत्राचीही तेवढीच चूक असते, त्यामुळे दोन्ही मिळून आठ-दहा मीटरांचे वर्तुळ शोधावे लागणे स्वाभाविक आहे. तिथे पोहोचल्यावर यंत्र खिशात ठेवावे आणि डोळ्यांनी शोधावे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

या खेळात स्थान अंश आणि दशांश मिनिटांत, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर; शेवटचा अंक चुकला तर किती फरक पडेल, याचे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. यंत्र अंश-मिनिट-सेकंदांवर ठेवलेले असेल आणि तेच अंक भरले, तर माणूस शेकडो मीटर दूर जातो. स्वतः डबी ठेवताना यंत्रातील सरासरी स्थानाची सोय वापरावी आणि शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते.

एक कळकळीची विनंती आहे. पन्हाळा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालील स्थळ आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांत त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तटबंदीच्या सांध्यात, बुरुजाच्या फटीत किंवा दगड हलवून डबी कधीही ठेवू नये. राधानगरी अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही ठेवणे योग्य नाही. शाळेचे आवार किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध मालकाला विचारून निवडला, तर मुलांना सरावही होतो आणि कोणाला त्रास होत नाही.

उत्तर : भुईबावडा

थोडक्यात परंतु महत्त्वाचे : खरेदी करताना यंत्राच्या नावाच्या शेवटी ‘आय’ अक्षर आहे का, ते पाहावे. जीपीएसमॅप ६६आय, ६७आय यांसारख्या यंत्रांत इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवण्याची सोय असते. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रे बाळगणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी तर याची विशेष काळजी घ्यावी. आपण विचारलेल्या चारही यंत्रांत ही सोय नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

राजारामपुरी

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. ३२एक्सकडे माझा कल झाला आहे. आणखी दोन शंका आहेत. एका परिचितांकडे गार्मिनचे बरेच जुने यंत्र आहे आणि ते मुलांच्या सरावासाठी द्यायला तयार आहेत. ते घ्यावे का? शिवाय शाळेत भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आहेत. यंत्रातील स्थान त्यांवर मांडले असता ते ओढ्याच्या पलीकडे जाऊन पडते, याचे कारण काय असावे?

उत्तर : सादळेमादळे

जुने यंत्र सरावासाठी जरूर घ्यावे. सेलच्या कप्प्यात गंज आहे का आणि बटणांवरचे रबर फाटले आहे का, एवढे पाहून घ्यावे. जीपीएसमधील आठवड्यांची गणना १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते आणि असा बदल ६ एप्रिल २०१९ रोजी झाला; त्यामुळे काही जुन्या यंत्रांत तारीख वीसेक वर्षे मागची दिसते. तारीख चुकली तरी स्थान बहुधा बरोबरच येते. बराच काळ बंद असलेले यंत्र पहिल्यांदा उघड्या मैदानावर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावे, कारण सर्व उपग्रहांचे पंचांग, म्हणजे कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल याची ढोबळ माहिती, पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात.

नकाशाची शंका फार चांगली आहे. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा जो गणिती आकार गृहीत धरतात त्याला आधारपृष्ठ म्हणतात. जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या आधारपृष्ठावर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाचे वापरते. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश या दोहोंत वेगळे येतात आणि आपल्या भागात हा फरक शंभर मीटरहून अधिक होतो. ओढा ओलांडायला तेवढे पुरेसे आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर काढलेले खुल्या मालिकेतील नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच असल्याने त्यांत ही अडचण येत नाही. जुनाच नकाशा वापरायचा असेल, तर शाळेजवळील एखादा ठळक रस्त्यांचा छेद निवडून तिथे यंत्रावरचे आणि नकाशावरचे स्थान मुलांकडून मोजून घ्यावे आणि येणारा फरक नकाशाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावा. कोल्हापूर परिसरातील त्या मालिकेच्या इतर नकाशांनाही तो जवळपास तसाच लागू पडतो.