चाकावरचं घर आणि खानदेशचं ऊन: तुमचे अनुभव लिहा

जळगाव (धागा सुरू करणारा)

राम राम मंडळी. आमच्या चाकावरच्या घराला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीला (कॅराव्हॅनला), या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तीन वर्षं झाली. या काळात जो भेटला त्याने दोनच गोष्टी विचारल्या: केवढ्याला पडली, आणि आत काय काय आहे? मे महिन्यात आत झोप लागते का, पाणी किती दिवस पुरतं, कागदपत्रांचं काय केलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते गाडी ठेवायची की विकायची ते यावरच ठरतं. हिमाचलात, केरळात फिरणाऱ्यांचे व्हिडिओ ढीगभर आहेत. आपलं ऊन, आपली काळी माती आणि आपले घाट यांवर बोलणारं कुणी सापडत नाही. म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, होती, किंवा जे भाड्याने घेऊन फिरले त्यांनी इथे लिहावं. काय चुकलं ते आधी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मी जुनी प्रवासी व्हॅन घेतली, सुताराकडून पलंग, कपाटं, ओटा करून घेतला आणि मग आरटीओत गेलो. क्रम उलटा झाला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाहीत, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं वेगळं मानक आहे. मंजूर आराखडा असलेल्या बॉडी बिल्डरकडूनच काम करून घ्या. आरसी बुकात तशी नोंद हवी आणि विम्याच्या पॉलिसीतही तेच लिहिलेलं हवं, नाहीतर अपघातानंतर भरपाई अडते. माझं निम्मं सुतारकाम उखडावं लागलं आणि अख्खा हिवाळा गाडी दारात उभी राहिली.

दुसरी चूक उन्हाची. छताच्या पत्र्याखाली नुसती प्लायवूड ठोकली होती. पहिल्या मे महिन्यात रात्री दहालासुद्धा गादी गरम लागायची, नातू रडून रडून बाहेर अंगणात झोपला. मग छत उघडून आतून फोमची जाड शीट चिकटवली, वरून पांढरा ऊन परतवणारा रंग दिला. फरक पहिल्याच दुपारी कळला. एसीचा मोह मी सोडला, कारण एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज खातो. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी आहे, त्यामुळे बारा व्होल्टचा छोटा कूलर आपल्याकडे उत्तम चालतो. खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची आणि रात्रीसाठी पंधरा-वीस लिटर पाणी वेगळं धरायचं. पाऊस सुरू झाला की मात्र त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा नुसता पंखा.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

नोकरी लोको शेडमध्ये गेली, म्हणून विजेचं मी लिहितो. हिशेब आधी कागदावर करा, दुकानात नंतर जा.

माझ्याकडे आधी दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर (शिसे-आम्लाची) बॅटरी होती. बारा व्होल्टने गुणलं तर १.८ युनिट होतात, पण ती निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं. म्हणजे हातात ०.९ युनिट, आणि वजन माझ्याच्याने एकट्याने उचलवत नाही इतकं. आता शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. तिच्यात जवळपास १.२८ युनिट मावतं, त्यातलं बहुतेक वापरता येतं, आणि ती मी एका हाताने उचलतो. महाग पडली, पण पैसे वसूल झाले. फक्त ती तापू द्यायची नाही. इंजिनाजवळ किंवा पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला ठेवू नका. माझी पलंगाखाली आहे, दोन्हीकडे जाळी ठेवून.

भुसावळात ऊन जास्त म्हणून सोलरची वीजही जास्त, असा समज आहे. तो चूक आहे. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनलचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. छतावरचा पॅनल दुपारी पासष्ट अंशांवर गेला तर सोळा टक्के गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खाली चार बोटं हवा खेळू द्या.

आणि आपल्या भागातला खरा पेच हा: गाडी कडुनिंबाखाली लावली तर माणसं सुखात पण पॅनल सावलीत, उन्हात लावली तर उलटं. मी छतावर एक पॅनल ठेवला आणि दुसरा घडीचा घेतला, दहा मीटर वायरसकट. गाडी सावलीत, पॅनल उन्हात. यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

अमळनेर, शिक्षिका

मला ही गाडी नको होती. घरातल्यांचा हट्ट होता. आज मी तिच्या बाजूने लिहिते आहे, त्याचं कारण माझ्या सासूबाई.

त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. उकिडवं बसता येत नाही. प्रकाशाला जायचं म्हटलं तरी त्या सकाळपासून पाणी बंद करायच्या, कारण वाटेत कुठे जायचं? मीसुद्धा कित्येक वर्षं बसच्या प्रवासात हेच केलं. आपल्या घरातल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत हे पुरुषांना माहीतच नसतं. गाडीत कमोड आल्यावर सासूबाई पहिल्यांदा सारंगखेड्याच्या यात्रेला आल्या, घोडेबाजार बघितला, दत्ताचं दर्शन घेतलं आणि वाटेत दोनदा चहा मागून घेतला. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

आता कामाचं. आमच्याकडे वीस लिटरची कॅसेट आहे, म्हणजे कमोडखालची काढून रिकामी करायची टाकी. तिघं माणसं, दिवसा जमेल तिथे बाहेरचं वापरलं तर तीन दिवस जाते. ती रिकामी करायची ती भक्तनिवासाच्या, पंपाच्या किंवा सार्वजनिक शौचालयातच, तेही विचारून. शेतात, नाल्यात, तापीत कधीच नाही. कॅसेटमध्ये टाकायचं औषध घेताना जैविक घ्या. फॉर्मालिनचं औषध सेप्टिक टँकमध्ये गेलं की तिथले जिवाणू मरतात आणि ज्याने आपल्याला जागा दिली त्याचीच टाकी बिघडते.

पाण्याला मी घाबरले नाही. आमच्या घरी नळाची वाट बघत दिवस काढलेत, एका कळशीत अंघोळ येते. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. फोडणी मात्र आत देऊ नका, ठेच्याचा ठसका दोन दिवस गादीतून जात नाही. आम्ही शेगडी बाहेर लावतो. कळण्याच्या भाकरीचं पीठ सोबत असतं, वांगी वाटेत मिळतात, आणि भरिताला काट्याकुट्या लागतात त्या बांधावर असतातच.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. म्हणून गळतीचा अलार्म जमिनीलगत लावा आणि तळाला एक जाळी उघडी ठेवा. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

शहादा, शेतकरी

भो, वजनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तोरणमाळला पहिल्यांदा निघालो तेव्हा पाण्याची टाकी काठोकाठ भरली, १५० लिटर. म्हणजे दीडशे किलो, आणि टाकी सगळी डाव्या बाजूला. घाटात उजव्या वळणाला गाडी अशी कलायची की बायकोने डोळे मिटून घेतले. यशवंत तलावापाशी पोचलो तेव्हा ब्रेकचा जळका वास येत होता. उतरताना भीती वाटली ती खरी.

परत आल्यावर जिनिंगच्या काट्यावर गेलो, जिथे कापसाच्या गाड्या मोजतात. काटेवाल्याला सांगितलं, आधी नुसती पुढची चाकं घे, मग पूर्ण गाडी, मग नुसती डावी बाजू. आरसी बुकातल्या मर्यादेपेक्षा १८० किलो जास्त भरलं, आणि डावी बाजू उजवीपेक्षा चांगलीच जड. लोखंडी पलंग काढला, बॅटरी उजवीकडे नेली. आता घाटात निम्मी टाकी घेऊन चढतो, वर पाणी मिळतं. माझा सल्ला एकच: प्रवासाला निघतो तसं सगळं भरून, घरची माणसं बसवून एकदा काट्यावर जा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये. ट्रकवाले हे पहिल्या दिवशी शिकतात. धडगावकडे चांदसैली घाटातून पावसाळ्यात ही गाडी नेऊच नका, तिथे दरड येते.

साक्री

माझा छोटा अनुभव. आमच्याकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ब्राह्मणवेलच्या बाजूला गाडी लावून गाडीच्या बाजूचं गुंडाळायचं छत उघडलं, दोन खुर्च्या टाकल्या, आणि अर्ध्या तासात वाऱ्याने छत दांड्यासकट उलटं करून गाडीच्या टपावर टाकलं. खिडकीची काच गेली, माणसं बचावली. वारा असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा आणि झोपताना छत गुंडाळाच. उंच गाडीला आडवा वारा रस्त्यातही ढकलतो, वेग साठच्या आत ठेवा.

यावल, केळी उत्पादक

केळीच्या बागेत मुक्काम ऐकायला गोड वाटतो. गारवा असतो हे खरं, पण डास, ओल आणि उंदीर यांची तयारी ठेवा. उंदरांनी माझ्या बॅटरीची वायर एका रात्रीत कुरतडली.

मोठा धडा मृगाचा. संध्याकाळी जमीन दगडासारखी होती, म्हणून बिनधास्त शेतात उभी केली. रात्री दोनला पहिला पाऊस आला, तासभरच. सकाळी मागची चाकं अर्धी काळ्या मातीत. जितका एक्सलेटर दिला तितकी खाली गेली. शेवटी चाकांची हवा थोडी काढली, खाली पाचट आणि गोणपाट टाकलं, आणि भावाच्या ट्रॅक्टरने ओढली. तेव्हा कळलं की ओढण्याचा हूक कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. आता दोर, फावडं आणि हवा भरायचा पंप कायम गाडीत. ढग दिसले की मुरमाच्या किंवा डांबरी जागेवर, मग ती कितीही गैरसोयीची असो.

मुक्ताईनगर, वारकरी

माउली, तुम्ही याला नवीन समजता. आमच्या दिंडीचा टेम्पो वर्षानुवर्षं हेच करतो आहे. मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, पंढरपूर गाठायला महिनाभर चाल पडते. भांडी, धान्य, शेगड्या, ताडपत्री, पाणी आणि थकलेली चार माणसं, सगळं त्या एका गाडीत.

त्यातून शिकलेलं सांगतो. रोज जे लागतं ते दाराशी, आठवड्याने लागतं ते तळाशी. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, कारण रात्री दिवा नसताना हात तिथेच जातो. पाणी पुढच्या गावात न मिळण्याच्या हिशेबाने आजच भरायचं. आणि मुक्कामाला उजेडात पोचायचं. गावाला आधी आपलं तोंड दिसू द्या, पोलीस पाटलाला किंवा देवळातल्या कुणाला सांगा. अंधारात येऊन उभी राहिलेली गाडी गावाला परकी वाटते.

चोपडा

एक शंका. घ्यायचा विचार आहे. कारचा परवाना चालतो का?

जळगाव (धागा सुरू करणारा)

चोपडेकर भाऊ, ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पण घेण्याआधी चार दिवस भाड्याने घेऊन बघा, आणि ते चार दिवस मे महिन्यातले असू द्या.

धुळे, व्यापारी

मी विकली. मनापासून घेतली होती, म्हणून कारण लिहितो. दुकान सोडून वर्षातून वीस दिवससुद्धा निघणं झालं नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. टायरची नक्षी नव्यासारखी, पण उन्हात रबर तडकलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचून घ्या, नुसत्या नक्षीवर जाऊ नका. आणि चालवून गरम झालेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढू नका, हवा सकाळी गार टायरमध्येच तपासायची.

आता वर्षातून एकदा भाड्याने घेतो. मुलं अजूनही विकलेल्या गाडीची आठवण काढतात, मीही काढतो.

चाळीसगाव

उंची! आपल्या गाडीची उंची टपावरच्या पॅनलसकट, कूलरसकट मोजा आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा. रेल्वेखालच्या बोगद्यात आम्ही अडकता अडकता वाचलो, मागे सहा गाड्या, रिव्हर्स घेता घेता घाम फुटला. पावसाळ्यात त्याच बोगद्यांत पाणी साठतं, ते वेगळंच. पाटणादेवीकडे जाताना बाभळीच्या फांद्या आणि गावात खाली लोंबलेल्या विजेच्या तारा बघत चला, एक माणूस पुढे चालत गेलेला बरा. कापसाच्या आणि उसाच्या हंगामात बिनदिव्यांच्या बैलगाड्या, ट्रॉल्या असतात, तेव्हा अंधार पडल्यावर आम्ही निघतच नाही.

अजिंठ्याला जाणाऱ्यांसाठी: सोमवारी लेणी बंद असतात, आणि आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यालाच ठेवून पुढे बसने जावं लागतं. आत वस्तू, म्हातारी माणसं असतील तर त्या हिशेबाने निघा.

अमळनेर, शिक्षिका

यावलच्या भाऊंनी उंदरांचं लिहिलं. आम्ही वायरी लोखंडी पाइपातून नेल्या आणि रात्री पिठाचे डबे घट्ट लावतो. तेव्हापासून त्रास नाही. सासूबाई विचारतायत, शहाद्याचे भाऊ तोरणमाळला पुन्हा कधी जाणार? त्यांना यायचं आहे.

शहादा, शेतकरी

ताई, काकूंना घेऊन या, दिवाळीनंतर. पावसाळा संपलेला असतो, तलाव भरलेला असतो. मुक्काम आमच्या मळ्यात करा. विहिरीजवळ मुरूम टाकून जागा दाबून घेतली आहे, कडुनिंबाची सावली आहे, पंधरा अँपिअरचा प्लग आहे. घरचा कमोड पश्चिमेच्या दाराने, कॅसेट तिथेच रिकामी करा. उजेडात या, कारण बांधाजवळ तार खाली आहे. तोवर ती वर बांधून घेतो.