पाचवा महिना आणि लोकल: ऑफिसचे कपडे आणि डबा, सल्ला हवाय

चारकोपची_चिमणी:
नमस्कार मंडळी. पाचवा लागलाय, कांदिवली ते चर्चगेट रोजची ये-जा आहे आणि आता एकही लेगिंग पोटावर बसत नाही, बसली तर दादर येईपर्यंत इलॅस्टिकचा लाल वळ उठतो. सप्टेंबरअखेरची तारीख दिलीय, म्हणजे हा मे आणि पुढे अख्खा पावसाळा काढायचाय. दोन प्रश्न आहेत. ऑफिसला चालतील असे कपडे कुठून घेऊ, बजेट २५०० रुपये, सगळे मिळून, कारण चार महिन्यांसाठी याहून जास्त घालवायचे नाहीत. आणि दुसरं, डब्यात काय नेऊ, बाहेरचं काय चालतं? साडेचारला अशी भूक लागते की शेजारच्या टेबलावरचा डबा ओढून घ्यावासा वाटतो. मासे खाते. सासूबाई एक सांगतात, आई फोनवर दुसरंच सांगते, आणि डॉक्टर म्हणाल्या "ताजं खा, सगळं खा", विषय संपला.

मोगरा:
अभिनंदन!! मी खारच्या एका बुटीकमधून लिननचे कुर्ते घेतले होते, ३८०० ला एक पडला पण काय फिटिंग! छातीशी लपलेली चेन आहे त्यामुळे नंतर पाजायलाही तेच. मुलगी आता शाळेत जाते तरी मी घालते. या दिवसांत स्वतःसाठी हात आखडता घेऊ नये गं.

बंड्याची_आई:
३८००ला एक?? तेवढ्यात माझी सगळी खरेदी झाली होती, बाळाच्या दुपट्यांसकट. चिमणी, तू सरळ मंगलदास मार्केटला जा, चर्चगेटहून काही लांब नाही, कॅम्ब्रिक किंवा मलमल घे आणि अंगरखा शिवून घे. बाजूला बंद असतात, पोट वाढेल तसे सैल सोडायचे, नंतर पाजायलाही सोपं. फक्त टेलरला बजावून सांग की दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेव. माझ्या टेलरने नीटनेटकं दिसावं म्हणून माया कापून टाकली, आणि आठव्यात कुर्ता उसवायला घेतला तर उसवायला काही शिल्लकच नाही. वर म्हणतो कसा, "मॅडम, तुम्ही एवढ्या वाढाल असं वाटलं नव्हतं."

पेडगावकर:
आमच्या हिने नऊ महिने माझे शर्ट घातले. खर्च शून्य. माझ्याकडे मात्र ऑफिसला घालायला दोनच उरले.

ठाणेकरीण:
अंगरख्याला +१. पण पलाझो घेऊ नकोस, जूनमध्ये प्लॅटफॉर्मवरचा चिखल गुडघ्यापर्यंत चढतो आणि जिन्यावर पायात येतो ते वेगळंच. घोट्याच्या वर राहील अशी पँट बघ. कपड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दिव्यांगांच्या डब्यात प्रेग्नंट बायकांना चढता येतं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पर्समध्ये ठेव. लेडीज डब्यात पोट दिसायला लागेपर्यंत कोणी उठत नाही, आणि दिसायला लागल्यावर सगळ्यांना एकदम झोप लागते.

मोगरा:
फर्स्ट क्लासचा पास काढ ना, मी तेच केलं होतं.

बंड्याची_आई:
बजेट वाचता का हो कोणी?

कोळीवाड्यातली:
माशांचं मी सांगते, आमच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील बिनधास्त खा, पण ताजे आणि नीट शिजवलेले. मोरी, म्हणजे शार्क, नको. सुरमई महिन्यातून एखादी तुकडी ठीक, रोज नको. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात बर्फातला जुना माल असतो, डोळा खोल गेलेला आणि गलफडं तपकिरी असतील तर फुकट दिला तरी घेऊ नकोस.

गिरगावचे_काका:
सुरमईला नावं ठेवणारी कोळीण पहिल्यांदाच पाहिली. आमच्या आईने आम्हा चारही भावंडांच्या वेळी सुरमईच खाल्ली, चौघेही ठणठणीत आहोत. हल्ली सगळ्याचीच भीती घालतात.

कोळीवाड्यातली:
काका, नावं ठेवत नाही, विकतेच की. मोठा मासा छोट्यांना खाऊन वाढतो, त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो, आणि तो बाळाच्या मेंदूला बरा नाही. म्हणून मोरी आणि मोठी सुरमई. पापलेटही चालतं, पण त्याचा भाव काढला तर चिमणीचं बजेट दोन जेवणांत संपेल.

वांद्र्याची_वहिनी:
पपई अजिबात नको!! अननस पण नको. माझ्या नणंदेच्या मैत्रिणीला पपई खाऊन त्रास झालेला.

आहारविहार:
मी डाएटिशियन आहे म्हणून मध्ये पडते. कच्ची पपई टाळायची, कारण तिच्यात चीक असतो. पूर्ण पिकलेली पपई प्रमाणात खाल्ली तर चालते. अननसाच्या दोन फोडींनी काही होत नाही. पण रस्त्यावर कापून ठेवलेलं कुठलंच फळ नको, मग ते पपई असो की कलिंगड. खरी काळजी पाण्याची घ्या. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते, आणि मुंबईत पावसाळा म्हणजे तिचाच सीझन. म्हणून पाणीपुरीचं पाणी, उसाच्या रसातला बर्फ, हिरवी चटणी बंद. कढईतून समोर काढलेला गरम पदार्थ त्यामानाने बरा.
आणि लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेत असाल तर ती वाया जातेय. चहाच्या आगेमागे तासभर सोडा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र नको. चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहायचं, म्हणजे दोन-तीन कप चहा चालतो. अंडं पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडायचं. कलेजी लोहासाठी भरपूर खा असं कोणी सांगेल, ऐकू नका, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं.

गिरगावचे_काका:
म्हणजे वडापाव चालतो. तेवढंच ऐकायचं होतं.

ठाणेकरीण:
चटणीशिवाय वडापाव म्हणजे नुसता बटाटा आणि पाव.

पेडगावकर:
सुकी लसणाची लाल चटणी चालेल की, तिच्यात पाणी कुठे असतं. आमच्या स्टेशनबाहेरचा वडा बघायचा असेल तर सांगा, अवांतर होईल म्हणून वेगळा धागा काढतो.

आहारविहार:
सुकी चटणी चालेल. पण रोज वडापाव असं मी म्हटलेलं नाही, प्लीज.

बंड्याची_आई:
साडेचारच्या भुकेला शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, भिजवून उकडलेले हरभरे नाहीतर घरचे फोडणीचे कुरमुरे. ड्रॉवरमध्ये छोटा डबा कायमचा ठेवायचा. सकाळी मळमळतं का अजून? उठल्या उठल्या कोरडा टोस्ट खाऊन मग बेडवरून उतरायचं, मला त्याने फरक पडला. अळिवाचे लाडू आत्ता नकोत हं, ते बाळंतपणानंतर.

वांद्र्याची_वहिनी:
पपई मात्र कुठलीच नको, मी सांगितलंय.

ठाणेकरीण:
चप्पल कोणीच बोललं नाही. संध्याकाळी जाऊन घे, तेव्हा पाय सुजलेले असतात, सकाळी बसलेली चप्पल सातव्या महिन्यात अंगठा चावते. पाठीमागे पट्टा असलेली बघ, पावसात नुसती चप्पल सटकते. आणि सूज चेहऱ्यावर, हातावर एकदम आली, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत असं झालं तर गाडी पकडू नकोस, बीपी बघायला आधी डॉक्टरकडे.

चारकोपची_चिमणी:
बापरे, एवढं सगळं! थँक्यू. लोहाची गोळी मी सकाळच्या चहाबरोबरच घेत होते, कोणी सांगितलंच नव्हतं. पाणीपुरी बंद, तोंडाला आत्ताच पाणी सुटलंय. सर्टिफिकेटसाठी डॉक्टरांना उद्या फोन करते. मैत्रीण म्हणते पोटाला रुंद इलॅस्टिक पट्टा असलेली मॅटर्निटी जीन्स घे. काळ्या रंगाची बघितली मी एक.

मोगरा:
मुंबईच्या घामात जीन्स? वेडी आहेस का.

बंड्याची_आई:
जीन्स वाळत नाही गं पावसात! दोन दिवस घरभर कुबट वास येईल. अंगरखा शिव.

वांद्र्याची_वहिनी:
आणि काळी? या दिवसांत काळं घालत नाहीत. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसतात ती उगाच का?

कोळीवाड्यातली:
संक्रांतीला काळंच नेसता ना सगळ्या? तिथे चालतं ते इथे का नाही?

गिरगावचे_काका:
संक्रांतीची गोष्ट वेगळी. थंडी असते.

पेडगावकर:
काका, मुंबईत?

चारकोपची_चिमणी:
अपडेट. काल मालाडला नटराज मार्केटला गेले होते. काळी जीन्स घेतली, ११०० ला, पट्टा एकदम मऊ आहे आणि उभं राहून चढवता येते, लेगिंगसारखी कसरत नाही. कापड पातळ आहे आणि घरात मशीनला ड्रायर आहे त्यामुळे वाळायचा प्रश्न नाही. वर घालायला नवऱ्याचे तीन शर्ट, पेडगावकरांना धन्यवाद, घरी मात्र त्यावरून वाद चालू आहे. उरलेल्या पैशांतून मागे पट्टा असलेली सँडल आली, संध्याकाळीच गेले होते, आणि अजून साडेचारशे शिल्लक आहेत. अंगरखा सुंदर असणार यात शंका नाही, पण टेलरच्या चकरा मारायला माझ्यात त्राण नाही. सासूबाई काळ्या रंगावरून दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच बांगड्याचं तिखलं केलं, त्यामुळे आता सगळं ठीक आहे. सुरमई बंद. काका, सॉरी.

मोगरा:
बघ हं, जुलैमध्ये इथे येऊन रडू नकोस.

ठाणेकरीण:
११०० ला?? नटराजला कुठल्या बाजूचं दुकान गं? माझ्या वहिनीला चौथा चालू आहे, मोठ्या साईझमध्ये मिळते का?