स्टिरॉइडची गोळी एकदम बंद करू नका

दम्यासाठी दोन महिने प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइडच) घेतलं, आता बरं वाटतंय, उद्यापासून बंद केलं तर चालेल का, असं एकानं विचारलंय. कृपा करून तसं करू नका. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तयार करतात. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक, सोडणं कमी करते, आणि हुकूमच येईना म्हटल्यावर या ग्रंथी आक्रसतात. गोळी 3-4 आठवड्यांपेक्षा जास्त चालली की हा धोका धरायचाच. त्या पुन्हा जाग्या व्हायला कधी कधी महिनेच्या महिने लागतात.

आमच्या तासगावच्या आत्यानं गुडघ्यांसाठी कुणाकडून तरी आणलेल्या पुड्या सहा महिने खाल्ल्या. चेहरा गोल झाला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. पुड्या संपल्या आणि आठवड्यात उलट्या, चक्कर, बीपी पार खाली. मिरजेला नेलं, सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, तेव्हा उलगडा झाला. पुडीत स्टिरॉइड होतं.

तुमच्या डॉक्टरांकडूनच डोस हळूहळू उतरवून घ्या. मधेच मोठा ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर स्टिरॉइड चालू होतं हे आधी सांगा, तेव्हा डोस वाढवावा लागू शकतो. उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच लागतं, घरी थांबू नका.