ओपन साईट आणि पीप साईटचा एकच गुणतक्ता लावणे न्याय्य आहे का?

टिळकवाडी, बेळगाव येथील पालक:
नमस्कार. माझी मुलगी नववीत असून १० मीटर एअर रायफलचा सराव करते. गेल्या रविवारी आपल्या सीमाभागातील एका क्लबच्या ४० शॉटच्या स्पर्धेत तिने ओपन साईटने, म्हणजे मागची उघडी खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याची खूण) जुळवून, ३५८ गुण मिळवले आणि ती सहावी आली. तिच्या वरचे पाचही जण पीप साईटवाले, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरणारे होते, पण प्रवेशिका कमी आल्याचे कारण देऊन आयोजकांनी एकच तक्ता लावला. शिवाय निम्म्या लेनवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट होते आणि तेथे दशांश धरले, तर कागदी टार्गेटवर पूर्णांकच मोजले. चौथ्या मुलाला ३८७.४ मिळाले आणि कागदावर खेळलेल्या पाचव्याला ३८१. हे योग्य आहे का?

निपाणी, अनेक स्पर्धांत गुणमोजणी केलेला:
ताई, साईटपेक्षा मला गुणांची गोष्ट अधिक खटकते. दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा आणि छरा ४.५ मिलिमीटरचा असल्याने छऱ्याची कड ठिपक्याला लागली की कागदावर पूर्ण १० मिळतात. शंका आल्यास भोकात गेज (मोजमापाची खुंटी) घालून भिंगाखाली रेषा पाहतात. यंत्र मात्र तोच शॉट १०.० ते १०.९ असा वेगळा करून दाखवते. दशांश सोडले तर प्रत्येक शॉटमागे सरासरी ०.४५ च्या आसपास गुण जातात, म्हणजे ४० शॉटमागे सुमारे १८. त्या हिशेबाने ३८७.४ चे पूर्णांक ३७० च्या आसपास उतरतात आणि ३८१ वाला मुलगा स्पष्टपणे पुढे असतो. दोन्ही पद्धती अधिकृत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ५९० मिळवले ते पूर्णांकात, आणि अंतिम फेरीतील त्यांचे ४५१.४ दशांशात होते. पण एका फेरीत सर्वांना एकच माप लावलेले असते.

खानापूर तालुक्यातील प्रशिक्षक:
गुणांबाबत मी सहमत आहे. मात्र साईटबाबत आयोजकांची अडचणही समजून घ्यावी, कारण आमच्या गावांतून ओपन साईटची तीनच मुले आली तर तिघांनाही पदक द्यावे लागते आणि मग त्या पदकाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न मलाही पडतो. तरीही मी वेगळ्या गटाच्याच बाजूने आहे. ओपन साईटमध्ये मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट या तीन अंतरांवर डोळ्याला एकाच वेळी काम करावे लागते. पीपमध्ये बारीक छिद्रातून पाहताना खाचेचा प्रश्नच मिटतो. हा फरक सरावाने भरून निघत नाही, तो पैशाने भरून निघतो. मुले कमी असतील तर पदक एकच द्या, पण तक्ता वेगळा ठेवा.

पैशाचाच विषय असला तरी नेमबाजीच्या जाड जॅकेटवर मात्र आक्षेप घेऊ नये. रायफलला ५.५ किलो आणि जॅकेटच्या कापडाला २.५ मिलिमीटर जाडी अशी मर्यादा नियमातच आहे. ती स्पर्धेपूर्वी मोजली गेली का, एवढेच विचारावे.

टिळकवाडी, बेळगाव येथील पालक:
दोघांचेही मनापासून आभार. तपासणी झाली नव्हती, रायफली थेट लेनवर गेल्या. मुलीने आपले कागद घरी आणले आहेत. त्यातल्या एका भोकाची कड दहाच्या ठिपक्याला लागल्यासारखी दिसते, पण गेज न लावता तिथे ९ लिहिले आहेत. तो एक गुण मी मागणार नाही, कारण कागद रेंजबाहेर आला की तो वाद संपला, हे मला मान्य आहे. यंत्राची प्रत्येक शॉटची नोंद मात्र क्लबकडे असणारच, म्हणून सर्वांचे गुण पूर्णांकात पुन्हा मांडावेत आणि पुढच्या स्पर्धेपासून ओपन साईटचा तक्ता वेगळा असावा, असे पत्र लिहिले आहे. गुणांच्या दुरुस्तीने माझी मुलगी सहावीच राहते, पाचवा मुलगा वर जातो. पत्रावर त्याच्या वडिलांची आणि माझी, दोघांचीही सही आहे.